शेवंतीवाडीचा तिसरा मार्शल

१

मेट्रोचं खोदकाम सुरू झालं आणि दादरच्या पश्चिमेकडची शेवंतीवाडीची गल्ली अर्धी झाली. लांबीला होती तेवढीच राहिली, रुंदीला अर्धी. एका बाजूला बंद गिरणीची काळी पडलेली भिंत, दुसऱ्या बाजूला मेट्रोवाल्यांचे उंच निळे पत्रे, आणि मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. त्यात ही गल्ली मधोमध कोपरासारखी वळते. त्यामुळे या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ते टोक दिसत नाही. एका टोकाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला पेट्रोल पंप. देवळाकडे मी उभा राहायचो, पंपाकडे धर्मा. आम्ही दोघे ट्रॅफिक मार्शल.

मार्शल म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. माझ्या बायकोलाही आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात अंगात चकाकणारं जॅकेट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात हिरवा, आणि गळ्यात वॉकीटॉकी. पंपाकडच्या गाड्या सुटल्या की देवळाकडच्या थांबवायच्या, देवळाकडच्या सुटल्या की पंपाकडच्या. काम सोपं, पण मुंबईत सोपं नाही. इथल्या ड्रायव्हरला लाल झेंडा दाखवला की तो आधी झेंड्याकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि तुम्ही कितपत महत्त्वाचे आहात याचा अंदाज घेऊन गाडी पुढे घेतो. माझ्या बाबतीत हा अंदाज घ्यायला कुणाला वेळ लागत नसे. मग गल्लीच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर यायच्या, आणि दोघांपैकी मागे कोणी जायचं यावर घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न उभा राहायचा.

मी राहतो काळाचौकीला. संप झाला तेव्हा मी गिरणीत बदली कामगार म्हणून नुकताच चिकटलो होतो, वडील विणकामात कायम होते. संपानंतर दोघंही घरी बसलो. वडील बसले ते बसलेच. मी मात्र पुढे पुष्कळ कामं केली. टॉवरच्या गेटवर, मॉलच्या दारात, एका शाळेच्या जिन्याखाली. या सगळ्या कामांत सारखी गोष्ट एकच, उभं राहणं. तेव्हा मार्शलच्या नोकरीसाठी माझ्याकडे अनुभव भरपूर होता.

धर्मा माहीमच्या कोळीवाड्यातला. तरुणपणी होडीवर जायचा, आता बायको मासळी बाजारात बसते आणि हा पंपावर उभा राहतो. वॉकीटॉकीवर "पंप थांबव", "देऊळ सोड" एवढंच बोलायचं अशी आम्हाला सक्त सूचना होती. पण धर्माला मोकळा रेडिओ मिळाला होता. "देऊळ सोड" म्हणायच्या आधी तो सुरमई कशी आली, पापलेट का नाही आलं, आणि त्याचा मेहुणा कसा नालायक आहे, हे सगळं सांगायचा. तोवर माझ्याकडे गाड्यांची रांग सिग्नलपर्यंत जायची.

आणि मग एका सोमवारी धर्मा एकदम कमी बोलायला लागला.

२

"देऊळ सोड."

मी सोडल्या.

"देऊळ थांबव. पंप सोड."

मी थांबवल्या. पलीकडून गाड्या आल्या, गेल्या. परत "देऊळ सोड." सकाळपासून एवढंच. मेहुणा नाही, सुरमई नाही.

मला वाटलं, धर्मा माझ्यावर रागावलाय. आदल्या आठवड्यात त्याच्या बायकोने पाठवलेल्या बोंबलांबद्दल मी जरा बोललो होतो. कोळ्याच्या मासळीला शिळं म्हणणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आवाजही त्याने जड केला होता. मोठ्या खडखडाटात बोलायची सवय असलेला माणूस शांत जागेतही जसं एकेक शब्द तोडून बोलतो, तसा. माझे वडील घरी असंच बोलायचे. मी मनात म्हटलं, रागावला तर रागावू दे, काम तरी नीट होतंय.

आणि काम खरंच नीट होत होतं. गल्लीत गाडी अडकेना. वळणावर समोरासमोर येईना. लाल झेंडा वर केला की ड्रायव्हर मुकाट्याने थांबायचे, इंजिनसुद्धा बंद करायचे. एक रिकामा पाण्याचा टँकर माझ्यासमोर अर्धा तास उभा राहिला आणि त्याच्या ड्रायव्हरने मला एकही शिवी दिली नाही. मला उगाचच चुकल्यासारखं झालं.

साइटवर ट्रॅफिकचं सगळं हेरंबसाहेब बघायचे. पुण्याचे, वयाने लहान, इंजिनिअर. आम्हाला "जयवंतराव" आणि "धर्माजी" म्हणायचे, त्यामुळे आम्ही त्यांच्यासमोर आपोआप ताठ उभे राहायचो. आठवडा संपत आला तेव्हा दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी वॉकीटॉकीवर धर्माला म्हटलं, "मी साहेबांकडे जातोय, सांभाळ." रस्त्याला आडवी साखळी लावली आणि गेलो.

केबिनमध्ये शिरलो तर धर्मा तिथे उभा. त्याच्या हातात पेढा.

"या, जयवंतराव," हेरंबसाहेब म्हणाले. "तुम्हा दोघांचं अभिनंदन करायचं होतं. या लाईनवरचं सगळ्यात सुरळीत डायव्हर्जन आपलं आहे. वरच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? मी म्हटलं, समन्वय."

मी धर्माकडे बघितलं. धर्माने माझ्याकडे. पेढा त्याच्या तोंडाशीच राहिला.

"तू हितं?" तो हळूच म्हणाला. "मग मगाशी सांभाळतो म्हणालास तो?"

"मी कुठे म्हणालो? मी तुला सांभाळ म्हणालो."

तेवढ्यात माझ्या गळ्यातला आणि त्याच्या गळ्यातला, दोन्ही वॉकीटॉकी एकाच वेळी बोलले.

"पंप सोड."

हेरंबसाहेब खुश झाले. "बघा," ते म्हणाले. "हे असं. तुम्ही इथे आहात तरी काम थांबलेलं नाही. बदली माणूस कुणी ठेवलात?"

आम्ही दोघांनीही पेढा गिळला आणि निघालो. साइटवर वॉकीटॉकीचे सेट दोनच दिले होते.

३

देवळाकडे येऊन बघतो तर माझी साखळी खाली पडलेली. पंपाकडच्या गाड्या येत होत्या आणि देवळाकडच्या थांबल्या होत्या. पुढे झेंडा नाही, माणूस नाही, तरी थांबल्या होत्या. सगळ्यात पुढे एक मोटरसायकलवाला, मागे बायको, टाकीवर पोरगी. तिघंही समोर बघत होती.

"कोणी थांबवलं तुम्हाला?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला. "थांबवलं ना," तो म्हणाला. पण कोणी, ते त्याला सांगता येईना.

मुंबईत थांबवणारा माणूस नसताना गाड्या थांबतात, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

संध्याकाळी धर्मा आणि मी वळणावर भेटलो. त्याचं म्हणणं, सोमवारपासून मीच बोलतोय असं त्याला वाटत होतं. मी त्याच्यावर रागावलोय म्हणून कमी बोलतोय.

"मी कशाला रागावू?"

"बोंबील शिळं निघालं म्हणून. मला ठावं होतं ते शिळं हाय."

मग आम्ही डोकं चालवलं. दुसऱ्या कुणाचा वॉकीटॉकी आमच्या लाईनीवर येत असेल. टॅक्सीवाल्यांचा, पोलिसांचा, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या वॉचमनचा. पण हॉटेलचा वॉचमन "देऊळ सोड" का म्हणेल? बरं, गल्लीची दोन्ही टोकं एका वेळी दिसतील अशी जागाच नाही. एका बाजूला पत्रे, पत्र्यांपलीकडे खड्डा. दुसऱ्या बाजूला गिरणीची भिंत, तिच्यात पूर्वी फाटक होतं तिथे आता, गाडी मावेल एवढ्या आत, विटा लावलेल्या. त्या विटांसमोर उभं राहिलं तरच दोन्ही टोकांचा थोडा थोडा भाग दिसतो. आम्ही आत्ता तिथेच उभे होतो. आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

"इचारून बघू," धर्मा म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. "कोण बोलतंय?"

थोडी खरखर. मग तोच आवाज.

"लायनीवर फालतू बोलू नको."

धर्माने बटण सोडलं आणि दोन पावलं मागे सरकला. सूचना तर बरोबर होती.

आता खरं म्हणजे आम्ही साहेबांना सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? की साहेब, तुमचा समन्वय आमचा नाही? आणि सांगून काय, तर परत ते भांडण, त्या शिव्या, ती सिग्नलपर्यंतची रांग. आमचं ठरलं ते असं की दोन दिवस बघू. मुंबईत कुठल्याही गोष्टीला दोन दिवस बघू म्हटलं की ती कायमची होते.

४

आवाजाची आम्हाला सवय झाली. तो सांगायचा, आम्ही झेंडे हलवायचो. कधी मला वाटायचं, झेंडेसुद्धा कशाला हवेत? पण नुसतं उभं राहिलेलं बरं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सवयीची होईना. दुपार कलली की तो म्हणायचा:

"सुटले. दोन्हीकडनं थांबव."

मग दोन्ही टोकांच्या गाड्या थांबायच्या आणि गल्ली मधे पूर्ण रिकामी व्हायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, मोठं मशीन बाहेर काढायचं असेल. मी वाकून बघत राहिलो. मशीन आलं नाही. भिंतीवरची कबुतरं आधी उडाली. आवाज होऊन दचकून उडतात तशी नाही, वाट द्यायला बाजूला होतात तशी. मग पत्रे हलायला लागले. वाऱ्याने पत्रा वाजतो तो वेगळा, थडथड वाजतो. हे पत्रे एकामागून एक आतल्या बाजूला दबत होते, वळणापासून देवळाकडे, खांद्यांच्या उंचीवर. अरुंद जागेतून खूप लोक निघाले की कडेचे लोक भिंतीला घासत चालतात ना, तसे. आणि खाली चपलांचा आवाज. घाईचा नाही. दमलेला.

पत्र्यांचं दबणं देवळापर्यंत येत नसे. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबायचं. मग बराच वेळ काहीच नाही. मग आवाज म्हणायचा, "गेले. पंप सोड."

कुठे गेले, ते मी विचारलं नाही. लायनीवर फालतू बोलायचं नव्हतं.

धर्माला पंपाकडून काही दिसत नव्हतं, पण त्याला वास यायचा. "तेलाचा," तो म्हणाला. "पेट्रोल नाय. मशिनीला घालतात ते. आनि कापूस जळल्यासारका."

"पंप आहे, वास येणारच."

"व्हय," तो म्हणाला. "मी पन सोताला तेच सांगतो."

घरी मी मीराला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं थोडं सांगितलं. मीरा घाबरणाऱ्यांतली नाही. चाळीतल्या नळावर तिने आख्खं आयुष्य रांग लावलेली आहे.

"माणसं जातात, तर तुम्ही वाट द्या," ती म्हणाली. "तुमचं काम काय आहे मग?"

५

मग एका शुक्रवारी वरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. हेरंबसाहेब सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात. देवळाकडे माझ्या शेजारीच येऊन उभे राहिले. "गाड्या सतत वाहत्या दिसल्या पाहिजेत, जयवंतराव. थांबलेली रांग त्यांच्या नजरेला पडायला नको."

दुपार कलली. मोठ्या साहेबांची गाडी सिग्नलला पोचल्याचा फोन आला. आणि तेवढ्यात वॉकीटॉकी म्हणाला, "सुटले. दोन्हीकडनं थांबव."

मी लाल झेंडा वर केला.

"का थांबवताय?" हेरंबसाहेब म्हणाले.

"साहेब, थोडा वेळ. माणसं जातात."

"कुठली माणसं? रस्ता तर रिकामा आहे." त्यांनी माझ्या गळ्यातला वॉकीटॉकी हातात घेतला. "धर्माजी, पंपाकडच्या गाड्या सोडा. लगेच."

खरखर झाली. "थांबव," आवाज म्हणाला. "थांबव. थांबव." पहिल्यांदाच त्याला एकच शब्द तीनदा म्हणावा लागला.

"धर्माजी, मी हेरंब बोलतोय. सोडा."

धर्मा बिचारा काय करणार? त्याने नंतर मला सांगितलं, त्याने हिरवा झेंडा वर केला तरी पुढचा ड्रायव्हर जाईना. त्याच्या मागचाही जाईना. मग रांगेत मागे असलेली एक टॅक्सी बाजूने पुढे आली, कारण टॅक्सीतल्या बाईने ड्रायव्हरला सांगितलं, "साहेब सोडा म्हणतायत ना? चला, माझे गुडघे दुखतायत."

टॅक्सी राजारामची होती. राजाराम आमच्याच चाळीतला. आणि टॅक्सीतली बाई मीरा होती. गुडघ्याच्या डॉक्टरकडून घरी चालली होती.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की कबुतरं उडाली, पत्रे दबायला लागले, आणि वळणापलीकडे कुठेतरी एका गाडीचं इंजिन बंद पडलं.

मी वाट बघितली. चपलांचा आवाजही थांबला होता. रस्त्यात गाडी आडवी आली की लोक थांबतात, तसा.

"काय झालं?" हेरंबसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मग इंजिन परत सुरू झालं.

६

टॅक्सी वळणावरून आली ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. आणि खाली बसलेली. एखाद्या लग्नाचं वऱ्हाड कोंबलं की टॅक्सीचा मागचा भाग जसा टेकतो, तसा टेकलेला. खालून काहीतरी रस्त्याला घासत होतं. राजाराम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता. मागे मीरा, एकटी, पण दाराला चिकटून, पर्स मांडीवर घेऊन, अंग चोरून बसलेली. मीरा कधी अंग चोरून बसत नाही.

टॅक्सी माझ्यासमोर थांबली.

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले असतील," हेरंबसाहेब म्हणाले, पण पुढे झाले नाहीत.

मी खिडकीशी गेलो. "मीरा, तू?"

"अहो, बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "किती वेळचे उभे होते बिचारे. मी म्हटलं, बसा. आता बसले तर सरकेनात."

मी मागच्या सीटकडे बघितलं. सीट रिकामी होती. पण तिचं रेक्झिन ठिकठिकाणी दबलेलं होतं, एकमेकांना खेटून, आणि एका ठिकाणी आणखी दबलं. कोणीतरी माझ्याकडे बघायला वळल्यासारखं.

"कुठे चाललात?" मी विचारलं. कुणाला विचारलं, ते मला आजही सांगता येत नाही.

"आपल्याकडे, काळाचौकीला," मीराच म्हणाली. "म्हणाले, घर तिकडेच आहे, पण रस्ता लागत नाही. रोज निघतात आणि देवळापाशी आल्यावर पुढचं काही ओळखूच येत नाही. टॉवर आणि पूल आणि काय काय. मी म्हटलं, चला आमच्याबरोबर. चहा घ्या."

तिने बोलावलं होतं. माझ्या बायकोने बोलावलं होतं, आणि ती एकदा चहाला बोलावलेल्याला कधी परत पाठवत नाही.

आमची खोली दहा बाय बारा. मी दाराच्या काचेतून राजारामकडे बघितलं. त्याने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. मागे गल्लीत पत्रे अजून दबलेले होते, वळणापर्यंत. टॅक्सीत मावले नाहीत ते तिथे उभे होते. बघत होते, ही टॅक्सी पुढे जाते का.

मी साहेबांकडे वळलो. हेरंबसाहेबांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. "जयवंतराव," ते अगदी हळू म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

माझं आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. पण मला एकच काम येत होतं. मी मीराला हात धरून खाली उतरवलं. मग टॅक्सीसमोर गेलो, जॅकेट खाली ओढलं, लाल झेंडा वर केला आणि रोज म्हणतो ते म्हणालो.

"पुढे रस्ता बंद आहे. काम चालू आहे. मागे फिरा."

काही झालं नाही.

"मंडळी," मी म्हणालो.  "पुढे खरंच काही राहिलेलं नाही. मी रोज तिकडूनच येतो. मागे फिरा."

टॅक्सीची मागची उजवी बाजू वर आली. हळूच, स्प्रिंग सुटल्यासारखी. मग डावी. दार उघडलं नाही, पण टॅक्सी हलत राहिली, एकेक जण उतरताना हलते तशी. चपला वाजल्या. पत्रे एकामागून एक सुटे झाले, आमच्याकडून वळणाकडे, आणि वळणापलीकडे गेले.

मीरा माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यात तिला पुष्कळदा रागावलेली पाहिली आहे, पण अशी नाही.

"असं सांगतात होय कुणाला?" ती म्हणाली.

ती टॅक्सीत परत बसली नाही. पायीच चालू लागली, गुडघे दुखत असताना. मी तिच्यामागे जायला वळलो तेव्हा माझं लक्ष टॅक्सीच्या पुढच्या भागाकडे गेलं. मागचा भाग पूर्ण वर आला होता. पुढची डावी बाजू, ड्रायव्हरशेजारची, अजून खाली होती.

"राजाराम," मी म्हणालो.

राजाराम मान न वळवता म्हणाला, "सोड म्हणतोय." आणि त्याने टॅक्सी सोडली.

७

त्यानंतर वॉकीटॉकी गप्प झाला. दुपार कलली तरी गल्ली तशीच राहायची. कबुतरं भिंतीवर, पत्रे आपापल्या जागी. मोठे साहेब त्या दिवशी सिग्नलवरूनच परत गेले होते, तेव्हा पाहणी उत्तम झाली असं कागदोपत्री ठरलं. धर्मा परत मेहुण्याबद्दल बोलायला लागला. ड्रायव्हर परत शिव्या द्यायला लागले. वळणावर गाड्या समोरासमोर येऊ लागल्या. हेरंबसाहेब दुरून बघायचे आणि काही विचारायचे नाहीत.

मीरा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. एकदा मी म्हणालो, "तुला चेहरे दिसले का गं त्यांचे?"

"चेहरे कशाला बघायचे?" ती म्हणाली. "दमलेली माणसं होती."

राजाराम चाळीत दिसेना. त्याची बायको म्हणाली, धंदा जोरात आहे, घरी यायलाही फुरसत नाही. मग एका दुपारी त्याची टॅक्सी देवळाकडे रांगेत आली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. पुढची डावी बाजू खाली होती.

"जयवंतभाऊ," तो खिडकीतून म्हणाला. "हा बाबा रस्ते असे सांगतो की कुठे अडकतच नाही. सिग्नल लागत नाही. भाडं उतरलं की दुसरं उभं. सोड म्हणतो, की मी सोडतो." त्याने आवाज खाली आणला. "पण थांब म्हणतच नाही हो. तुम्ही थांबवा ना मला."

माझ्या हातात हिरवा झेंडा होता. मी तो खाली केला आणि लाल वर केला.

राजारामने करकचून ब्रेक दाबला. दार उघडलं, उतरला, आणि किल्ली गाडीतच ठेवून काळाचौकीच्या दिशेने चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. मग पळायला लागला.

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आडवी. मागे बस, बसच्या मागे सगळं दादर. धर्माही पंपाकडच्या गाड्या अडवून पळत आला. हेरंबसाहेब केबिनमधून बाहेर आले, टॅक्सीकडे बघितलं, सीटकडे बघितलं.

"ती बाजूला घ्यावी लागेल," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कुणाला गाडी चालवता येते?"

आम्हा दोघांनाही येत नव्हती. या वयात मला त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

"ढकलू," धर्मा म्हणाला.

आम्ही दोघांनी मागून खांदा लावला. टॅक्सी ढिम्म हलेना. परत लावला. मग ती एकदम हलकी झाली आणि आपणहून चालल्यासारखी निघाली. मी काचेतून बघितलं. स्टिअरिंग फिरत होतं, सावकाश, सराईतपणे. टॅक्सी गिरणीच्या भिंतीत, त्या विटा लावलेल्या फाटकाच्या खाचेत अगदी नीट जाऊन लागली. आत हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला.

पुढची डावी बाजू वर आली.

आमचे दोन्ही वॉकीटॉकी एकदम खरखरले. धर्माने माझ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. पण माझ्याआधी त्यानेच बटण दाबलं, आणि मला वाटलं, आता तो काहीतरी मंत्र म्हणेल नाहीतर शिवी देईल.

"जेवलास का रं?" धर्माने विचारलं.

नुसती खरखर. बस हॉर्न देत होती. 

"नाय," आवाज म्हणाला. "सुटलो नाय अजून."

आणि मग:

"देऊळ सोड."